गल्लीच्या तोंडाशी

पुनमचंदच्या कापडदुकानासमोर बैलगाडीतून पत्र्यांची चळत घसरली, आणि काय झालं ते कळायच्या आत मंजुळा जमिनीवर होती. आधी आवाज झाला की आधी पाठीवर हात पडला, हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. तोंडात धूळ गेली होती. गालाखाली कुणाच्या तरी टोपलीतून सांडलेल्या लाल मिरच्या होत्या. आणि अंगावर संतरामचं, तिच्या नवऱ्याचं, सगळंच्या सगळं वजन होतं. त्याचा एक हात तिच्या डोक्यावर दाबलेला होता. दुसरा धुळीत पसरून काहीतरी चाचपत होता. त्याचं काळीज तिच्या पाठीवर धाडधाड आपटत होतं. हिंगोलीचा भरला बाजार. आवाज ऐकून क्षणभर सगळेच दचकले होते, कारण अठ्ठेचाळीस सालच्या त्या जानेवारीत दिवसच तसे होते, रस्त्यानं रझाकारांच्या कवायती चालत होत्या. पण दचकून लोक उभेच राहिले, जमिनीवर पडला तो एकटा हा. मग कुणीतरी हसलं. "फौजी पडला रे! बायकोला घेऊन पडला!" हसू ह्या दुकानातून त्या दुकानात गेलं. मंजुळाला शरम वाटली, पण ती नंतर. त्याआधी, मिरच्यांचा खाट नाकात जात असताना, तिच्या मनात आलं ते हे, की पंधरा महिन्यांत पहिल्यांदा ह्या माणसाचं अंग आपल्या अंगाला लागलं. आणि हे वजन अजून थोडा वेळ असंच राहावं.

तो उठला. कुणाकडं बघितलं नाही. गुडघ्यांवर बसून त्यानं मिरच्या एकेक करून वेचल्या, विकणारीच्या टोपलीत टाकल्या, आणि मंजुळाच्या दहा पावलं पुढं घराकडं चालू लागला. मान ताठ, पाय एका तालात. ही चाल त्याची नव्हती. गोरेगावच्या संतरामची चाल तिला पाठ होती, नांगरामागं चालून चालून रुंद पडणारी, थोडी डुलणारी. ती चाल बेचाळीस साली गेली ती गेलीच. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तहसिलीतल्या कुणा साहेबाचा दौरा होता आणि सामान वाहायला वेठीनं गाड्या धरून नेत होते. सासरे, उकंडराव, म्हणाले, पेरणीतून बैल सोडता येत न्हाईत. म्हाताऱ्यावर उगारलेली काठी संतरामनं वरच्यावर धरली, आणि त्यासाठी चावडीसमोर, सगळ्या गावादेखत, शिपायांनी त्याची पाठ फोडली. ती हळद लावत होती. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. "ज्याच्या हातात बंदूक हाय ना मंजुळे," तो म्हणाला होता, "त्याला कुणी मारत न्हाई." आठव्या दिवशी तो कनेरगावच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून पलीकडं गेला. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजाचा. वाशीमला भरतीवाले आले होते. नाक्याच्या ह्या बाजूला मार खाल्लेल्या माणसानं त्या बाजूला जाऊन बंदूक मागितली, आणि त्यांनी ती दिली. कुणासाठी चालवायची, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तिलाही सुचलं नव्हतं. तिला एवढंच वाटलं होतं की पाठीच्या जखमा अजून ओल्या आहेत, आणि अंगात घालायला दिलेलं कापड जाड असलं तर त्या चिकटतील.

मग चार वर्षं. लढाई कुठं चालू आहे हे गोरेगावात कुणाला सांगता येत नव्हतं, पण ती घरात शिरली होती. रॉकेल मिळेना, लुगडं मिळेना. गावातले आणखी दोन गडी भरतीला गेले, म्हणून एका पेरणीला सासरे म्हणाले, "पोरी, धर तिफण," आणि बायकांनी तिफणीला हात लावायचा नाही असं म्हणणारं गाव बांधावर उभं राहून गप्प बघत राहिलं. मंजुळाला त्या दिवसाची अजून लाज वाटत नव्हती. तळहाताला पडलेले घट्टे ती अंगठ्यानं चाचपायची आणि तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. पत्रं यायची, दुसऱ्याच्या अक्षरातली, मधल्या ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या. त्या काळ्या पट्ट्यांकडं ती सर्वांत जास्त बघायची. तो जे खरं बोलला असेल ते त्याखाली असणार.

आला तेव्हा तोच एक काळी पट्टी होऊन आला. सेहेचाळीसची दिवाळी होती. लोखंडी ट्रंक, बूट, खाकी कांबळं. गोरेगावात त्याचा जीव रमेना. शेतात उघड्यावर त्याला पाठ द्यायला भिंत सापडत नव्हती. म्हणून हिंगोलीला आले, स्टेशनाजवळ एक खोली घेतली, आणि मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवून घ्यायचं काम त्यानं धरलं. घरी आला की भिंतीशी कांबळं पसरायचा. तिला कधी टाकून बोलला नाही, कधी हात लावला नाही. फक्त दुपारी डोळा लागला की बरळायचा. खोल्यांच्या मध्ये नुसता कुड होता. पलीकडच्या द्वारकाबाईनं एकदा पाण्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तुझा फौजी झोपेत सारखं 'मर्द का, मर्द का' काहून म्हणून राहिला? त्यालाच शंका हाय का?" बायका पोट धरून हसल्या. मंजुळा हसली नाही आणि रडलीही नाही. घागर भरली आणि आली. कारण तिला दुसरा शब्द माहीत होता, जो द्वारकाबाईला ऐकू गेला नव्हता. तो हळू आवाजात यायचा. इबू. इबू. त्या नावाला मंजुळानं हळूहळू एक चेहरा दिला होता. नाजूक, पिवळसर गोरी, केस तेलानं चापून बसवलेले. भाकरी थापताना ती इबू समोर बसलेली असायची. इबूच्या हाताला घट्टे नव्हते.

बाजारातल्या त्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी विष्णुपंत आले. पूर्वी सरकारी शाळेत मास्तर होते. सत्तेचाळीस साली नोकरी सोडून चळवळीत गेले. आता कधी हिंगोलीत, कधी सरहद्दीपलीकडच्या छावणीत असतात, असं लोक आवाज खाली आणून बोलत. भर दुपारी, हातात पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखे आले आणि पोत्यावर बसले. मंजुळा आतल्या बाजूला सूप घेऊन ज्वारी पाखडत होती.

"त्या दिवशी बाजारात मी होतो," विष्णुपंत म्हणाले. "सगळे हसले. मला वाटलं, ह्या गावात एकाच माणसाला पडायचं कसं ते माहीत आहे."

संतराम भिंतीला पाठ लावून बसला.

"छावणीत माणसं आहेत. चार जुन्या बंदुकाही आहेत. शिकवणारं कुणी नाही. रझाकार आज ह्या गावात, उद्या त्या गावात. तुमचं गोरेगावही लांब नाही. तुम्ही चला."

"मी न्हाई येत, मास्तर."

"भीती वाटते?" त्यांनी टोचून विचारलं नाही, खरंच विचारलं.

मालधक्क्यावर डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज झाला. मग संतराम म्हणाला, "मास्तर, झेंडा घेऊन तुमी लोक काय वरडता?"

"स्वातंत्र्य. आझादी."

"त्याला तिकडं मर्देका म्हणतात."

आत मंजुळाचा सुपावरचा हात थांबला.

"जपान हरला होता," तो सांगू लागला. आवाज सपाट होता, मालाची पावती वाचावी तसा. "लढाई सरली, आता घरी, असं समदे म्हणून राहिले होते. तवा आमाला जहाजात घातलं आन जावाला नेलं. सुरबाया म्हणून शहर हाय. सांगितलं काय, तर जपान्यांची हत्यारं गोळा करायची आन गोऱ्या बायका-लेकरं कैदेत हायेत ती सोडवायची. चांगलं काम हाय म्हणलं. पण तिथं आधी डचांचं राज होतं, ते त्यांना परत पायजे होतं, आन तिथल्या लोकांना नको होतं. भिंतीभिंतीवर लिहिलेलं. आमच्या हवालदाराला इंग्रजी येत होतं. त्यानं वाचलं, 'हिंदी भावांनो, तुमच्या घरी तुमी सोतंत्र मागता, मंग आमच्या घरी काहून आले?' एकदा वाचलं. पुन्हा न्हाई वाचलं."

तीन दिवसांत शहर उठलं. संतराम आणि आखाडा बाळापूरचा सोनाजी एका इमारतीत सापडले, चोहीकडून वेढलेले. सोनाजी त्याचा जोडीदार. ब्रेनगन संतराम चालवायचा, सोनाजी भरून द्यायचा. बोटीवर दोघं एका ताटात जेवायचे. गोळ्या सरल्या. सोनाजीला मानेत लागली. "मी भिंतीवरून उडी मारली," संतराम म्हणाला, आणि इथं त्याचा आवाज पहिल्यांदा अडला. "एका गल्लीत शिरलो. एका म्हातारीनं दार उघडलं. तिला दिसत होतं मी कोण हाय ते. वर्दी होती अंगावर. तिनं मला आत घेतलं, माचव्याखाली घातलं, तांदळाची पोती पुढं लावली. चार रोज. तिचं पोरगं बाहेर आमच्याशीच लढून राहिलं होतं. ते घरी येऊन जेवून जायचं, मास्तर. मी माचव्याखालून त्याचे पाय बघायचो. गेलं की ती मला भात द्यायची. तिचं बोलणं मला समजत नव्हतं. तिला मी इबू म्हणायचो. इबू म्हणजे आई. तिनंच शिकवलं."

सुपातली ज्वारी मंजुळाला दिसेनाशी झाली. वर्षभर समोर बसवून ठेवलेली ती चापून केस बसवलेली बाई उठली आणि तिच्या जागी एक म्हातारी येऊन बसली, सुरकुतलेल्या हातांची. त्या हातांना घट्टे असणार. मंजुळाला स्वतःची इतकी लाज वाटली, की कुडापलीकडं द्वारकाबाई असती तर तिला जाऊन सांगितलं असतं, मला मार.

"मंग तह झाला, मी बंदरावर परत गेलो. दहा-बारा रोजांनी जहाजांनी तोफा डागल्या आन आमाला पुन्हा शहरात घातलं. मला एका गल्लीच्या तोंडाशी बसवलं. हुकूम होता, आत जे हालेल त्याच्यावर चालव. धूर होता. मी चालवली. लई वेळ चालवली." तो थांबला. "तीच गल्ली होती का दुसरी, मला सांगता येत न्हाई. तिथल्या समद्या गल्ल्या सारख्या. तसलीच कौलं, तसलीच दारं. जाऊन बघायला न्हाई मिळालं. पाठीवर मार खाल्ला तर माणूस विसरतो, मास्तर. हे मला ठावंच न्हाई, तर मी विसरू काय?"

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि तेव्हा मंजुळा बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर सावरायचाही राहिला होता.

"त्या सोनाजीच्या आईला सांगितलं का?" तिनं विचारलं.

संतरामनं मान खाली घातली. बाळापूर चाळीस मैलांच्या आतच होतं. पंधरा महिने तो मोटारीच्या अड्ड्यावरून मालधक्क्यावर जात होता, आणि बाळापूरकडं जाणारी मोटार रोज तिथं उभी असायची.

"मंग चला," ती म्हणाली. "मी येते संगं."

गोजरबाईचं घर बाळापूरच्या बाजाराच्या मागं होतं. अंगणात ती शेंगा वाळत घालत होती. लहानखुरी, कंबरेत वाकलेली बाई. तिला सरकारी तार आली होती, पाठोपाठ इंग्रजी कागद आला होता. कागद तिनं देवामागं ठेवला होता आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता, कारण गावात कुणीतरी म्हणालं होतं की अशी मेलेली माणसं परत येतात. संतरामनं नाव सांगितलं तशी तिनं शेंगांवरून हात उचलला आणि त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. मंजुळाला वाटलं, आता ही विचारेल, माझा कुठं हाय, आणि ह्याला सांगता येणार नाही, हा उठेल, परत तालात पावलं टाकत निघून जाईल. पण गोजरबाईनं विचारलं ते वेगळंच.

"उपाशी गेला का खाऊन?"

"खाऊन, आई," संतराम म्हणाला. "सकाळी बिस्किटं होती. त्यानं सोताची अर्धी मला दिली. म्हणला, बाळापूरच्या शिळ्या भाकरीपेक्षा कडक हायेत, माझी आई बघल तर ह्या सरकारला शिव्या देईल."

गोजरबाईच्या तोंडावर काहीतरी हाललं. ते हसू असेल असं मंजुळाला आधी वाटलं नाही, पण ते हसूच होतं. "देणारच," म्हातारी म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "माती दिली का तसाच राहिला?"

इथं एक लबाडी सहज बसली असती. कुणीही बोलला असता. संतराम बोलला, "मी न्हाई बघितलं. मी पळालो, आई. त्याला सोडून पळालो."

अंगणात एक कोंबडी शेंगांत चोच मारत फिरत होती, तिला कुणी हाकललं नाही. उन्हाची तिरीप गोजरबाईच्या पायावरून सरकून उंबऱ्याला गेली. मग म्हातारी उठली, गुडघ्यावर हात देत देत, आणि संतरामजवळ येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो पक्का ठेवला.

"बरं केलं पळालास," ती म्हणाली. "दोघं बी तिथंच राहिले असते तर मला सांगायला कोण आलं असतं, लेकरा?"

आणि मग ती रडली. तारेनंतर पहिल्यांदा, असं शेजारणी नंतर म्हणाल्या. संतराम तिच्या पायांशी बसून रडत होता, तोंड उघडं टाकून. मंजुळा कुंपणाच्या काठीला धरून उभी होती आणि तिला आतून हलकं हलकं होत होतं, जसं कुणी डोक्यावरची घागर उतरून घ्यावी. रडण्यात सुख असतं हे तिला माहीत होतं. दुसऱ्याच्या रडण्यातही असतं हे त्या अंगणात कळलं. परतताना मोटारीत दाटी होती. कळमनुरीच्या उतारावर मोटार डुलली, संतरामचा खांदा तिच्या खांद्याला लागला, आणि त्यानं तो काढून घेतला नाही. "तिकडं नारळाच्या झाडांना खाचा पाडतात, चढायला," तो अचानक म्हणाला. एवढंच. पण त्यानं ते कुणी न विचारता सांगितलं होतं, आणि मंजुळानं ते घरापर्यंत जपून आणलं.

फाल्गुनात तो आपण होऊन विष्णुपंतांकडं गेला. "मास्तर, बंदूक शिकवणार न्हाई. पळायला शिकवतो."

"पळायला?"

"पळणं बी शिकावं लागतं. कुठून निघायचं, कुठं पडायचं, दुखावलेल्याला कसं उचलायचं, म्हाताऱ्यांना मधी कसं घ्यायचं. न्हाई तर माणसं एकमेकांखालीच मरतात. मी पाहिलं हाय."

विष्णुपंतांना ते पूर्ण पटलं नव्हतं. छावणीतल्या काहींनी तर त्याला तोंडावर भेकड म्हटलं. पण तो मंजुळाला घेऊन गोरेगावला परत राहायला आला, आणि वैशाखात शेजारच्या वाडीला आग लागली आणि गोळीबार झाला, तेव्हा गोरेगाव निघालं ते संतरामनं आखलेल्या वाटेनं निघालं. ओढ्याच्या पात्रातून, बांधांच्या आडोशानं, रिसोडकडं, सरहद्दीपलीकडं. मंजुळा बायकांच्या पुढं होती. कधी चालायचं, कधी आडवं व्हायचं, हे ती हातानं दाखवत होती, आणि जिनं तिला तिफण धरताना बांधावरून नाक मुरडलं होतं ती रुख्मिणीबाई तिच्या हाताकडं बघून मुकाट्यानं मातीत पडत होती, उठत होती. शेवटच्या टेकाडावर मागून गोळ्या आल्या. गावातल्या उत्तमरावच्या धाकट्या भावाला लागली. संतराम मागं फिरला. ते फिरणं मंजुळानं पाहिलं. भिंतीवरून उडी मारलेला माणूस ह्या वेळी उलट दिशेनं धावला, त्या भावाला खांद्यावर टाकलं आणि आणलं. रिसोडला पोचेस्तोवर भाऊ खांद्यावरच गेला होता. बाकी सगळं गाव पोचलं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, एकही मागं राहिलं नाही. उत्तमराव भावाच्या उशाशी बसून एक शब्द बोलला नाही. तो शब्द त्यानं पावसाळाभर मनात साठवला.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. झेंडे लागले, पेढे वाटले गेले, आणि लोक घरी परतले. घरी म्हणजे काय, तर दारं उखडलेली, धान्याची पेवं रिकामी, न पेरलेल्या शेतांत कमरेएवढं गवत. गावाच्या कडेला पिंजाऱ्यांची गल्ली तेवढी शाबूत होती. आठ मुसलमान घरं, ती गाव सोडून गेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या गाद्या पिंजून देणारी माणसं. त्यांतले तीन-चार गडी रझाकारांत गेले होते आणि फौज येण्याआधीच पसार झाले होते. उरले होते ते म्हातारे, बाया, लेकरं. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तमरावच्या दारासमोर माणसं जमली. कुऱ्हाडी होत्या. रॉकेलचा एक डबा होता. चार वर्षं दिव्याला न मिळालेलं रॉकेल आज कुठून आलं, असं मंजुळाच्या मनात उगीच आलं. "संतराम," उत्तमरावनं हाक दिली, "तू फौजी. तू पुढं हो."

आणि संतराम पुढं झाला. मंजुळा ओट्यावरून बघत होती. तो सगळ्यांच्या पुढं चालू लागला, तालात, मान ताठ, आणि माणसं त्याच्यामागून निघाली. म्हणजे आत काही बदललंच नव्हतं. बाळापूरचं अंगण, म्हातारीचा हात, नारळाच्या खाचा, सगळं फुकट. हुकूम आला की हा चालणार. ती ओट्यावरून उतरली आणि धावत सुटली. गल्लीच्या तोंडाशी संतराम थांबला. आणि वळला. आता त्याचं तोंड माणसांकडं होतं आणि पाठ गल्लीकडं. एवढी उघडी पाठ त्यानं घरी आल्यापासून कुणाला दिली नव्हती.

"हितून पुढं कुणी जायचं न्हाई," तो म्हणाला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग उत्तमराव एकदम अंगावर आला. "माझ्या भावाला मारलं तवा कुठं होतास तू?"

"त्याला खांद्यावर घेऊन होतो, उत्तमराव. माझ्या खांद्यावर गेला तो. त्याचं वजन मला ठावं हाय."

"मंग?"

"ज्यानं मारलं तो हितं न्हाई. तो सापडू दे, बांधून फौजेच्या हवाली करायला मी सोता येतो. पण मी एकदा असल्याच गल्लीत गोळ्या घातल्यात. कुणाला लागल्या ते आजपर्यंत मला माहीत न्हाई. तुला बी माहीत होणार न्हाई. आग लागली की आत कोण हाय ते दिसत न्हाई. मंग जन्मभर झोपेत बघत राहशील."

"बाजूला हो, संतराम."

"न्हाई होत."

कुऱ्हाडीच्या दांड्यावर उत्तमरावची बोटं घट्ट झालेली मंजुळाला दिसली. ती गर्दीतून शिरली. कुणीतरी तिचा पदर ओढला, तो तिनं ओढू दिला, आणि जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. तिला फक्त वाटलं की गल्ली रुंद आहे आणि एका माणसानं भरत नाही. आणि आत कुठंतरी, त्या तिफणीच्या दिवशी वाटलं होतं तसं, आपण कुणीतरी आहोत असं स्वच्छ वाटत होतं. संतरामनं तिच्याकडं बघितलं नाही. त्यानं हात बाजूला केला आणि तिचं मनगट धरलं, भर गावात.

मग गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. उकंडराव येत होते. माणसांनी वाट दिली. म्हाताऱ्यानं एकदा मुलाकडं बघितलं, एकदा सुनेकडं, उत्तमरावच्या कुऱ्हाडीकडं बघितलंसुद्धा नाही. गल्लीच्या तोंडाशी एक दगड होता, त्यावर ते बसले. "दमलो बाबा मी," ते म्हणाले. "रिसोडपासून चालूनच राहिलो. आता मी हितनं उठत न्हाई."

मागची दोन माणसं निघून गेली. मग आणखी एक. फार आवाज न करता, घरी काम निघाल्यासारखी. उत्तमराव मात्र हालला नाही. त्याच्या कुऱ्हाडीचं पातं हळूहळू खाली आलं आणि जमिनीला टेकलं, आणि मंजुळाला दिसलं, की तो रडत नाहीये पण त्याची हनुवटी लेकरासारखी थरथरते आहे. डबा दुसऱ्या हातात तसाच होता.

तेव्हा गल्लीतलं पहिलं दार करकरलं. एक म्हातारी बाहेर आली. हातात तांब्या होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. पाच पावलांवर येऊन ती थांबली. पुढं यावं की नाही ते तिला कळत नव्हतं; ह्या घराचं पाणी ह्या माणसांनी कधी घेतलेलं नव्हतं. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं. उकंडरावांनी तिच्याकडं बघितलं. साठ वर्षं त्यांनी गाद्या इथंच पिंजून घेतल्या होत्या आणि पाणी कधीच मागितलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला.

"आण बाई," ते म्हणाले. "घसा वाळला."

ते प्यायले. दाढीवरून पाणी ओघळलं. त्यांनी मिशा पुसल्या, पण तांब्या तिला परत दिला नाही; बसल्या जागेवरून उत्तमरावपुढं धरला. उत्तमराव तांब्याकडं बघत राहिला, फार वेळ. मग त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली, आणि ओंजळ करायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून रॉकेलचा डबा खाली ठेवला.